शर्यतींचे आयोजक, मैदानांचे व्यवस्थापक आणि व्यायामशाळाचालक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्या शर्यतीत, मैदानावर किंवा व्यायामशाळेत कधी ना कधी एखादा माणूस कोसळेल. तो धडधाकट दिसणारा, मिनिटभरापूर्वी गप्पा मारणारा असेल. तो वाचेल की नाही, हे इस्पितळात कमी आणि तुमच्या जागेवर जास्त ठरेल. आम्ही हृदयरोग आणि आपत्कालीन उपचारांचं काम करणारी मंडळी आहोत. तुमची बहुतेक वैद्यकीय तयारी आज दोन गोष्टींवर उभी असते: सहभागी व्यक्तीकडून घेतलेला फिटनेसचा दाखला आणि अंतिम रेषेजवळ उभी केलेली रुग्णवाहिका. हृदय अचानक बंद पडतं तेव्हा या दोन्हींचा उपयोग फार थोडा होतो. खर्च तोच ठेवून तयारी कशी बदलायची, हे या पत्रात मांडत आहोत.

आधी आजार समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने तुंबते. स्नायूचा एक भाग मरू लागतो, पण हृदय बहुतेक वेळा चालू असतं. माणूस शुद्धीवर असतो आणि छाती दाटल्याचं, दरदरून घाम फुटल्याचं स्वतः सांगतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युत लयच कोलमडते. खालचे दोन कप्पे एकदमात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. रक्त पुढे सरकतच नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण धमन्या अगदी स्वच्छ असलेल्या विशीतल्या मुलालाही अरेस्ट होऊ शकतो. त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात हृदयाच्या कारणाने मृत्यू आला, तर वैद्यकीय भाषेत तो अचानक हृदयमृत्यू. कोणाच्या डोळ्यांदेखत घडला नसेल, तर शेवटचं ठणठणीत पाहिल्यापासून २४ तासांच्या आत आलेला मृत्यू यात धरतात.

ही थरथर मोडायला विजेचा झटका लागतो. झटक्याविना आणि सीपीआरविना (म्हणजे छाती दाबून, जमल्यास श्वास देऊन रक्त फिरतं ठेवण्याविना) गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. कोणी लगेच छाती दाबायला घेतली, तर ही घसरण मिनिटाला ३-४ टक्क्यांवर येते. वेळ गेला की थरथरही विरत जाते, ईसीजीवर सपाट रेघ उरते आणि मग झटका देऊनही काही होत नाही. म्हणजे रुग्णवाहिका आठ मिनिटांत आली, तरी त्या आठ मिनिटांत कोणी छातीला हात लावला नसेल, तर बहुतेक संधी गेलेली असते. रुग्णवाहिका हवीच, पण ती दुसऱ्या टप्प्यासाठी. पहिला टप्पा तुमच्या माणसांचा.

हे डॉक्टरांशिवाय जमतं का? जमतं. लास वेगासच्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना सीपीआर आणि एईडी शिकवलं गेलं; एईडी म्हणजे आपोआप लय तपासून झटका देणारं छोटं यंत्र. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. फिब्रिलेशन झालेल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के लोक इस्पितळातून जिवंत घरी गेले. ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होतं, तर तीन मिनिटांनंतर झटका मिळालेल्यांत ४९ टक्के. तिथे छतावर कॅमेरे असल्यामुळे कोसळण्याची वेळही नेमकी कळत होती.

शर्यतींबद्दलचे आकडे आणखी बोलके आहेत. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनचा २००० ते २०१० या काळाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये ५९ अरेस्ट झाले आणि त्यांतले ४२ जण दगावले. पूर्ण मॅरेथॉनमध्ये लाखामागे साधारण एक अरेस्ट, अर्धमॅरेथॉनमध्ये त्याच्या जवळपास चौथाई. त्याच गटाने पुढे २०१० ते २०२३ चा काळ तपासला, तेव्हा अरेस्टचं प्रमाण जवळपास तेवढंच निघालं, पण मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. धावणाऱ्यांची हृदयं सुधारली नव्हती. वाटेवर सीपीआर आणि एईडी लवकर मिळू लागलं होतं. तुम्ही पैसा कुठे घालावा, याचं उत्तर या दोन अभ्यासांत आहे.

आता कारणं. पस्तिशीनंतर सर्वांत मोठं कारण म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा आजार. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो, त्यावरचं पातळ कवच फाटतं, तिथे गुठळी धरते आणि रक्त अडलेल्या भागात लय बिघडते. यातली फसवी गोष्ट अशी, की फाटणारा थर फार मोठा असलाच पाहिजे असं नाही. धमनी निम्म्याहून कमी अरुंद झालेली असताना ट्रेडमिल टेस्ट साफ नॉर्मल येते आणि तोच थर पुढच्या महिन्यात फाटू शकतो. म्हणून ‘स्ट्रेस टेस्ट केली होती’ ही हमी नव्हे. दुसरा मोठा गट जुन्या अटॅकचा व्रण असलेल्यांचा. व्रणाभोवती विजेचा प्रवाह गोल फिरू लागतो आणि वेगवान लय सुरू होते. हृदयाची पंपिंगची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ३५ टक्के किंवा त्याखाली गेली असेल, तर औषधं पुरेसा काळ देऊनही ती वाढत नसल्यास छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे लय बिघडताच आतून झटका देणारं छोटं यंत्र, बसवण्याचा विचार केला जातो.

अचानक जोर लावल्याने धोका वाढतो, हे खरं आहे. रक्तदाब चढतो, ॲड्रेनलिन उसळतं, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट होतात. पुरुष डॉक्टरांच्या एका मोठ्या अभ्यासात जोरदार व्यायामाच्या वेळी आणि नंतरच्या अर्ध्या तासात धोका सुमारे १७ पट निघाला. पण मुळात तो इतका लहान असतो, की साधारण १५ लाख वेळा व्यायाम केल्यावर एक मृत्यू, असं ते प्रमाण बसलं. शिवाय नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ बरीच कमी होती. याचा अर्थ व्यायाम थांबवा असा मुळीच नाही. वर्षभर बसून राहिलेल्याने दोन आठवड्यांच्या तयारीवर शर्यतीत उतरणं, हा धोका आहे. आणि तो अर्धा तास लक्षात ठेवा. माणूस ट्रेडमिलवरून उतरून कपडे बदलायला गेला, की तुमची नजर त्याच्यावरून हटते.

तरुणांमध्ये चित्र वेगळं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत हृदयाची भिंत जन्मजात दोषामुळे जाड होते आणि स्नायूंचे तंतू विस्कटलेले असतात. दर ५०० माणसांत साधारण एकाला हा आजार असतो आणि अनेकांना कधीच त्रास होत नाही. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए २००३ मध्ये सामना चालू असताना कोसळला, तेव्हा शवविच्छेदनात हेच सापडलं. काहींच्या उजव्या कप्प्यात स्नायूची जागा चरबी आणि चिवट ऊती घेतात. हा आजार दीर्घ पल्ल्याच्या सरावाने झपाट्याने वाढतो. काहींची कोरोनरी धमनी चुकीच्या जागेतून निघून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाते. अशा माणसाचा विश्रांतीचा ईसीजी अगदी नीट दिसू शकतो.

मग येतात फक्त विजेचे आजार, ज्यांत हृदय डोळ्यांना निरोगी दिसतं आणि शवविच्छेदनातही काही सापडत नाही. लाँग क्यूटी सिंड्रोम अंदाजे २,००० मध्ये एकाला असतो. क्यूटी म्हणजे एका ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विजेने उत्तेजित होऊन पुन्हा शांत होईपर्यंतचा ईसीजीवरचा काळ; या आजारात तो लांबलेला असतो. त्याच्या एका प्रकारात पोहताना लय बिघडते, दुसऱ्यात गजर किंवा फोनच्या अचानक आवाजाने, तिसऱ्यात झोपेत. सीपीव्हीटी नावाच्या आजारात ईसीजी विश्रांतीत नॉर्मल असतो आणि जोराच्या व्यायामात किंवा भावनिक ताणात जीवघेणी लय सुरू होते. ब्रुगाडा सिंड्रोममध्ये ताप हा मोठा शत्रू. काही अँटिबायोटिक्स, बुरशीवरची काही औषधं, उलटीवरची आणि मानसोपचारातली काही औषधं क्यूटीचा काळ लांबवतात. रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल, तर धोका आणखी वाढतो.

दोन कारणं जन्मजात नसतात. एक म्हणजे मायोकार्डायटिस, विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. ताप अंगात असताना किंवा नुकता उतरल्यावर जोरात धावणं यामुळेच धोक्याचं. दुसरं म्हणजे कोमोशिओ कॉर्डिस. छातीच्या डाव्या भागावर चेंडूचा किंवा कोपराचा फटका हृदयाच्या ठोक्यातल्या अवघ्या काही मिलिसेकंदांच्या नाजूक क्षणी बसला, तर निरोगी हृदयातही फिब्रिलेशन सुरू होतं. बरगडी तुटत नाही, अनेकदा साधा वळही नसतो. अमेरिकी फुटबॉलचा खेळाडू डामार हॅमलिन २ जानेवारी २०२३ रोजी असाच कोसळला. मैदानावर लगेच उपचार झाले आणि तो पुन्हा खेळायला उतरला. या कारणापुढे कुठलाही दाखला निरुपयोगी आहे, कारण फटका बसेपर्यंत आजारच नसतो.

आता दाखल्याकडे येऊ. नाडी, रक्तदाब, स्टेथोस्कोप आणि सही, एवढ्यावर वर सांगितलेले बहुतेक आजार कळत नाहीत. ईसीजीने बरेचसे कळतात. इटलीत स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी १९८२ पासून सक्तीची झाली. व्हेनेतो भागात २००४ पर्यंत तरुण खेळाडूंमधल्या अचानक हृदयमृत्यूंचं वार्षिक प्रमाण लाखाला ३.६ वरून ०.४ वर आलं. क्लब, अकादमी आणि संघ यांनी ईसीजी करून घ्यावाच, असं आमचं मत आहे. पण तो खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. सरावाने हृदय मोठं होतं, ठोके कमी होतात, काही बदल नैसर्गिक असतात. ते ओळखता न आल्यास निरोगी मुलांना उगाच घरी बसवलं जातं. हजारो लोकांच्या शर्यतीत सरसकट ईसीजी व्यवहार्य नाही आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही. तिथे दाखल्याऐवजी नेमके प्रश्न विचारा.

व्यायाम चालू असताना कधी शुद्ध हरपली आहे का? (थांबल्यावर आलेली घेरी वेगळी, धावता-धावता कोसळणं हे तपासणी होईपर्यंत धोक्याचंच समजा.) श्रमाने छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब येतो का? नेहमीच्या वेगाला अलीकडे जास्त दम लागतो का? न थांबणारी धडधड झाली आहे का? आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? या शेवटच्या प्रश्नात चांगलं पोहता येत असूनही बुडालेल्या माणसाचाही उल्लेख करा. औषधांना दाद न देणारी ‘फिट’ कोणाला येते का, हेही विचारा. कधीकधी ती मेंदूची नसून हृदयाची लय बिघडल्याची असते. गेल्या दोन आठवड्यांत ताप आला होता का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञ, मग शर्यत.

पण प्रश्न चांगले असून भागत नाही. उत्तरं खोटी का येतात, ते पाहा. सहभागी व्यक्तीने शुल्क भरलेलं असतं, सुट्टी काढलेली असते, मित्रांना सांगितलेलं असतं. ‘हो’ लिहिलं तर नाव रद्द आणि पैसे बुडाले, हे तिला माहीत असतं. मग ती सगळीकडे ‘नाही’वर खूण करते आणि तुमच्या फायलीत एक निर्धास्त करणारा कागद जमा होतो. याचा उपाय वैद्यकीय नाही, तुमच्या नियमावलीत आहे. आजारपणामुळे माघार घेणाऱ्याचं शुल्क पुढच्या वर्षासाठी कायम ठेवा. दाखला मागू नका, कारण विचारू नका. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना एक संदेश पाठवा: ताप, अंगदुखी, छातीत काही नवं जाणवत असेल तर धावू नका, तुमची जागा पुढच्या वर्षी राखून ठेवलेली आहे. अमेरिकेतल्या मध्यमवयीन लोकांच्या एका अभ्यासात अरेस्ट झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आधीच्या चार आठवड्यांत काहीतरी लक्षण जाणवलं होतं आणि बहुतेकांनी मदत मागितली नव्हती. तुमचा हा एक नियम अशा माणसाला थांबायचं कारण देतो.

एवढं करूनही कोणी कोसळेल. तेव्हाची पहिली चूक म्हणजे न ओळखणं. अरेस्ट झालेल्या अनेकांमध्ये पहिली काही मिनिटं तोंड उघडून, घशातून आवाज करत, अधूनमधून एखादा आचका येतो. तो श्वास नव्हे. हातपाय झटकले जातात, डोळे सताड उघडे असतात. आजूबाजूचे लोक म्हणतात ‘श्वास चालू आहे’, ‘फिट आली आहे’, आणि तळवे चोळत, पाणी पाजत, बसतं करत मिनिटं घालवतात. तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला एकच नियम पाठ हवा: खांदे हलवून जोरात हाक मारली, प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, तर अरेस्ट समजा आणि सुरू करा. नाडी शोधत बसायचं नाही. शंका खोटी ठरली तरी सीपीआरने गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी असते.

पुढचं एकाच वेळी घडलं पाहिजे. एक जण छाती दाबतो, दुसरा आणीबाणीचा क्रमांक लावून फोन स्पीकरवर ठेवतो, तिसरा एईडी आणायला धावतो. माणूस पाठीवर, कडक जमिनीवर हवा. तळहाताचा टाचेकडचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण हृदयात रक्त भरतं ते वर येताना. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो आणि तिथेच परिणाम कमी होतो. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, आपण दमलो नाही असं वाटत असलं तरीही. बरगडी कडकन वाजली, तर हाताची जागा तपासा आणि चालू ठेवा. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांमागे दोन श्वास. नसेल तर नुसते दाब, न थांबता. तलावातून काढलेल्या माणसाची गोष्ट मात्र उलटी. तिथे हृदय ऑक्सिजनअभावी थांबलेलं असतं, म्हणून आधी श्वास द्या, मग दाबा. लहान मुलांनाही श्वास महत्त्वाचे.

एईडी आलं की आधी ते सुरू करा, मग ते सांगेल तसं करा. दाब चालू असतानाच पॅड लावायचे. एक पॅड उजव्या कॉलरबोनच्या खाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांच्या बाजूला. डावा पॅड फार पुढे, छातीच्या मध्याजवळ लावणं ही नेहमीची चूक; मग प्रवाह हृदयातून नीट जातच नाही. धावपटूचं अंग घामाने निथळत असतं, त्यावर पॅड धरत नाही. टॉवेलने खसाखसा पुसा. ठोके मोजायचा छातीचा पट्टा आणि स्पोर्ट्स ब्रा कात्रीने मधोमध कापा. छातीवर औषधाची चकती असेल तर काढून पुसा, पेसमेकरचा उंचवटा असेल तर पॅड त्यापासून थोडा दूर. केस दाट असतील तर रेझर. म्हणून यंत्राच्या पिशवीत मजबूत कात्री, टॉवेल, रेझर, हातमोजे, पॉकेट मास्क आणि पॅडचा दुसरा संच हवाच. सार्वजनिक जागी स्त्रियांना अनोळखी लोकांकडून सीपीआर कमी वेळा मिळतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. कपडे कापायचा संकोच हे त्याचं एक कारण. प्रशिक्षणात याबद्दल मोकळेपणी बोला आणि पिशवीत आडोशाला धरायला एक चादरही ठेवा. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात कोसळला, तेव्हा मैदानावरच सीपीआर आणि झटका दिला गेला आणि सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं. पुढे छातीत डिफिब्रिलेटर बसवून तो पुन्हा खेळू लागला.

यंत्र लय तपासत असताना कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही, नाहीतर ती हालचाल यंत्राला लय वाटू शकते. झटका दिल्यावर नाडी बघत थांबू नका, ताबडतोब पुन्हा दाबायला घ्या. लय परतली तरी हृदयाला जोर यायला वेळ लागतो. ‘झटक्याची गरज नाही’ असं यंत्र म्हणालं, तर लोक सुस्कारा टाकून थांबतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की या लयीला झटका लागू नाही. माणूस नीट श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा हालचाल करेपर्यंत दाबणं चालूच.

एईडी कुठे ठेवायचं, याचं गणित सोपं आहे. तीन मिनिटांत झटका हवा, तर आणायला जाण्यासाठी फार तर दीड मिनिट, येण्यासाठी दीड. झपाझप चालणारा माणूस दीड मिनिटात साधारण १५० मीटर जातो. पण जिने, लिफ्ट, फिरतं दार, कुलूपबंद फाटक हे नकाशावर दिसत नाही. म्हणून घड्याळ लावून प्रत्यक्ष चालून बघा. व्यवस्थापकाच्या खोलीत, कपाटात, किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे, अशा ठिकाणी ठेवलेलं यंत्र असून नसल्यासारखं. व्यायामशाळेत चालू ट्रेडमिलवर कोणी कोसळला, तर आधी सेफ्टी की ओढायची, मग ओढून मोकळ्या जागेत. दोन यंत्रांमध्ये दोन्ही बाजूंनी गुडघे टेकून बसता येईल एवढी जागा आहे का, आजच पाहा. कपडे बदलायच्या खोल्यांना आणि शॉवरला बाहेरून उघडता येणारी कडी बसवा.

रस्त्यावरच्या शर्यतीत हिशेब वेगळा. ताशी १५ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार दोन मिनिटांत ५०० मीटर गाठतो. म्हणजे पाठीवर एईडी घेतलेला एक स्वार दर किलोमीटरला हवा आणि गर्दी दाट असेल तिथे त्याहून जवळ. मॅरेथॉनमध्ये अरेस्ट बहुधा शेवटच्या चौथाईत होतात, तेव्हा सगळं बळ अंतिम रेषेवर न लावता शेवटच्या दहा किलोमीटरवर पसरा. वॉकीटॉकीवरचं वाक्य ठरवून द्या: ‘बेशुद्ध, श्वास नाही, चौतिसावा किलोमीटर, डावी बाजू.’ लांबलचक वर्णन नको. बिबच्या, म्हणजे धावपटूच्या छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या, मागे नातेवाइकाचा फोन, चालू औषधं आणि पेसमेकर आहे का, हे लिहायला जागा छापा. आणि स्वयंसेवकांना एक फरक शिकवा. अंतिम रेषा ओलांडून थांबल्यावर जो खाली बसतो, त्याचा रक्तदाब बहुधा पायांचा पंप थांबल्याने उतरलेला असतो. आडवं करून पाय वर केले की तो बोलू लागतो. रेषेच्या अलीकडे, धावता-धावता कोसळलेल्याला मात्र गांभीर्याने घ्या: हृदय, उष्माघात किंवा रक्तातलं सोडियम उतरणं. श्वास चालू आणि माणूस बरळतो आहे, अंग भाजतं आहे, तर गुदद्वारातून तापमान घ्या. ४० अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर इस्पितळात नेण्याआधी जागेवरच बर्फाच्या पाण्यात गार करा.

यंत्रांची देखभाल हा कंटाळवाणा भाग, आणि बिघाड इथेच होतो. पॅडमधलं जेल वाळतं, त्यांवर तारीख असते. बॅटरीचंही आयुष्य ठरलेलं असतं. बहुतेक यंत्रं ० ते ५० अंश सेल्सिअसमध्ये चालतात. उन्हात बंद गाडीत ठेवलेली पिशवी त्यापुढे सहज जाते. रोज सकाळी यंत्राचा हिरवा दिवा किंवा खूण एका ठरलेल्या माणसाने पाहून वहीत नोंद करावी. ‘सगळे लक्ष ठेवतील’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही. प्रशिक्षण वर्षातून एकदा पुरत नाही, काही महिन्यांतच हात विसरतात. दर तीन महिन्यांनी, न सांगता, सीपीआरच्या सरावाचा एक पुतळा कुठेतरी टाका आणि तीन गोष्टींची वेळ नोंदवा: पहिला दाब, पॅड लागणं, पहिला झटका. पहिला दाब एका मिनिटाच्या आत, झटका तीन मिनिटांच्या आत. जिथे वेळ गेला तिथे बदल करा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घ्या. डेन्मार्कमध्ये लोकांना मोठ्या प्रमाणावर सीपीआर शिकवला गेला. २००१ ते २०१० या काळात तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मिळणारा सीपीआर सुमारे २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेला आणि ३० दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झालं.

घटना घडून गेल्यावरही तुमचं काम उरतं. एईडीत लयीची नोंद साठवलेली असते. ती पुसली जाण्याआधी इस्पितळाला द्या, कारण झटक्याआधीची लय हा निदानाचा सर्वांत मोलाचा धागा आहे. पॅडचा नवा संच लगेच बसवा, तोवर दुसरं यंत्र जागेवर ठेवा. ज्यांनी छाती दाबली त्यांच्याशी त्याच दिवशी कोणीतरी बोललं पाहिजे, रुग्ण वाचला असो वा नसो. आणि तरुण माणूस दगावला, तर कुटुंबाला दोन गोष्टी सांगा, कारण त्या दुःखात त्या कोणालाच सुचत नाहीत. शवविच्छेदनात हृदयाची तज्ज्ञाकडून तपासणी आणि जनुकीय चाचणीसाठी रक्ताचा नमुना राखून ठेवण्याची विनंती करा. नमुना पुढे मिळत नाही. तसंच आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी, इको आणि गरजेनुसार स्ट्रेस टेस्ट हृदयरोगतज्ज्ञाकडून करून घ्या, त्यांना काहीही त्रास नसला तरी.

आपले,
हृदयरोग आणि आपत्कालीन उपचारांचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि प्रशिक्षक